गिरजेचा खळगा

त्या राज्यात सपाटीवर राहणाऱ्यांची पोटं बारमाही भरलेली असत आणि डोंगरावर राहणारे सगळा हिवाळा झोपून काढत. दोघांचं एकमेकांशी काही वाकडं नव्हतं, कारण दोघांची गाठच पडत नसे. डोंगरावर अस्वलं होती. सपाटीवर बाकीचे सगळे होते.

पोट भरलेल्याला हिवाळा फार लांब वाटतो. कंदमुळं काढून झाली, कोठारं भरली, की सपाटीवरचे एकमेकांच्या घरी जाऊन खात आणि तिथे काय खाल्लं ते तिसऱ्याच्या घरी जाऊन सांगत. अशाच एका हिवाळ्यात काही रानडुकरं वाट चुकून डोंगराच्या पायथ्याशी गेली, बर्फावर पाय ठेवताच धडाधड घसरली, आणि परत आल्यावर आपण घसरलो हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की पुढच्या हिवाळ्यात निम्मी सपाटी घसरायला निघाली. पायांना फळ्या बांधायच्या, चढावर जायचं आणि घसरत खाली यायचं. खाली आलं की पुन्हा वर जायचं. यात मिळवायचं काय, हे कोणी विचारलं नाही. जो घसरून आला नव्हता त्याला मात्र पंगतीत दाराजवळचं पान मिळू लागलं.

पुढे नुसतं घसरून येण्याची शानही ओसरली. सगळेच घसरून येऊ लागल्यावर ती ओसरणारच होती. मग असं ठरलं की पायथ्याशी स्वतःची गुहा हवी. हिवाळ्यात आठवडाभर राहायला, आणि उरलेलं वर्ष तिच्याबद्दल बोलायला.

ही गरज सगळ्यांत आधी चिमाजी कोल्ह्याला कळली. चिमाजी दलालीच करायचा; दुसऱ्याला काय हवं आहे ते त्या दुसऱ्याच्या आधी त्याला कळत असे. तो ऐन उन्हाळ्यात डोंगरावर गेला. पायथ्यापासून वरच्या कड्यापर्यंत गुहाच गुहा होत्या. सगळ्या रिकाम्या, कोरड्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध जमिनीत एक गोल, गुळगुळीत खळगा. वाटेवर एक अस्वल रानफळं खात होतं.

“इथे कोणी राहतं का हो?” चिमाजीने विचारलं.

“आत्ता? आत्ता कोणी नाही,” अस्वल म्हणालं. ते खरंच होतं.

अस्वलांमध्ये एक रीत होती. जागेपणी झोपेचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की झोप रुसते आणि हिवाळ्यात येत नाही, असं ती मानत. म्हणून उन्हाळ्यात कुठलंही अस्वल आपल्या गुहेकडे वळूनही बघत नसे, मग ‘माझी’ म्हणणं तर दूरच. पहिला बर्फ पडला की ज्याचं ते मुकाट्याने उठे, वासावर आपल्या गुहेशी जाई आणि आईच्या, तिच्या आईच्या अंगाने दाबून दाबून झालेल्या त्या खळग्यात जाऊन पडे. माद्या तिथेच झोपेत विणत. पिल्लं झोपेतच दूध पीत. वसंतात दोघं-तिघं मिळून बाहेर येत आणि तोवर काय झालं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

चिमाजीला ही रीत ठाऊक होती. म्हणूनच त्याने तो प्रश्न उन्हाळ्यात विचारला आणि पुन्हा कधी विचारला नाही.

सपाटीवर मथुरा नावाची एक साळिंदर राहत होती. तिचा नवरा नारबा आदल्या पावसाळ्यात पोटातल्या गाठीने गेला होता. साळिंदरांमध्ये गेलेल्याचे काटे वर्षभर घरात ठेवतात. वर्ष सरलं की ते टोकं वर करून मातीत रोवायचे, आणि जागा अशी शोधायची की जिथे कोणाचा पाय पडणार नाही आणि मोठ्याने बोललेलं ऐकू जाणार नाही. एकदा रोवलेले काटे उपटायचे नसतात. उपटले तर माणूस दुसऱ्यांदा गेला असं धरतात.

वर्ष सरत आलं होतं आणि मथुरेला तशी जागा सापडत नव्हती. सपाटीवर आता सगळीकडेच कोणी ना कोणी जेवत असे.

तिच्या शेजारी सर्जेराव रानडुक्कर राहत. नारबाचे जुने स्नेही. त्यांचं मन वाईट नव्हतं. फक्त ते कधी रिकाम्या पोटी कामाला लागलेलं नव्हतं. एके दिवशी ते बायकोला घेऊन आले. दारातच त्यांनी पायांवरचा चिखल झटकला, तो मथुरेच्या उंबऱ्यावर पडला.

“वहिनी, किती दिवस त्या काट्यांपाशी बसून राहणार?” ते म्हणाले. “नारबा नेहमी म्हणायचा ना, एकदा बर्फ बघायचाय म्हणून? मग! डोंगरावर एक गुहा घेऊन टाका. आम्ही चिमाजीकडून घेतली तिच्या वरच्या अंगाला एक शिल्लक आहे. इतकी शांत, इतकी शांत, की आम्हाला तर करमणारच नाही!”

“मला पण सोबत होईल,” त्यांची बायको मैनावती म्हणाली. “फक्त खळगा नीट बघून घ्या हो. आमचा जरा उथळ निघाला. ह्यांना म्हटलं होतं, हात घालून बघा आधी. पण ह्यांना कुठे धीर!”

“उथळ कसला! तू बसलीस की भरतो, एवढंच.”

दोघंही खूप हसली. मथुराही थोडी हसली. बऱ्याच दिवसांनी तिच्या घरात कोणी हसलं होतं. नारबाला बर्फ बघायचा होता हे खरं होतं, आणि शांत हा शब्द तिच्या कानात राहिला.

उन्हाळा संपता संपता ती चिमाजीबरोबर गुहा बघायला गेली. गुहा सगळ्यांच्या वर, एका मोठ्या शिळेच्या आड होती. आत शिरल्यावर बाहेरचा वाराही ऐकू येईना. मधला खळगा खोल होता. बाकी सगळा कातळ, पण खळग्यात मऊ माती होती. मथुरेने त्यात पंजा ठेवला आणि तिला वाटलं, हीच ती जागा.

“कसला तरी वास येतोय,” ती म्हणाली.

“जुन्या दगडाचा असतो तसा. दोन दिवस शेकोटी पेटवा, जाईल.”

खळग्याच्या काठाला काही काळे राठ केस चिकटले होते. चिमाजीने बोलता बोलता शेपूट फिरवली आणि ते केस उडाले. मथुरेने ते पाहिलं होतं. पण तिला जागा हवी होती. ज्याला जागा हवी असते त्याला केस दिसतात आणि नाहीतही.

तिने नारबाने साठवलेल्या कंदांचं अर्धं कोठार देऊन गुहा घेतली, आणि खळग्यातल्या मऊ मातीत नारबाचे काटे एकेक करून रोवले. टोकं वर. शेवटचा काटा रोवून झाल्यावर ती बराच वेळ तिथे बसली. कोणी जेवत नव्हतं. कोणी हसत नव्हतं. तिला फार बरं वाटलं.

पहिल्या बर्फाच्या आधी सपाटीवरचे सगळे आपापल्या गुहांत दाखल झाले. टोपल्या आल्या, मडकी आली, मोहाच्या दारूचे रांजण आले. सर्जेरावांनी उथळ खळग्यात गरम पाणी भरून डुंबायची सोय करून घेतली होती. खालच्या गुहेतल्या तरसांनी आपल्या खळग्यात हाडं टाकायला सुरुवात केली. सशांनी त्यात उशा भरल्या आणि पाहुण्यांना तिथे बसवून, ‘कसं वाटतंय?’ असं विचारू लागले. खळग्याचं काय करायचं हा त्या हिवाळ्यातला सगळ्यांत मोठा प्रश्न होता. तो तिथे का आहे, हा नव्हता.

बर्फ दुपारी पडला. मथुरा गुहेच्या तोंडाशी बसून नारबाला बर्फ दाखवत होती, म्हणजे मनातल्या मनात त्याच्याशी बोलत होती. तेवढ्यात खालून एक अस्वलीण येताना दिसली. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते, पोट जड होतं, आणि झोपेत चालावं तशी ती चालत होती. मथुरेकडे न बघता ती तिच्या अंगावरून आत गेली, स्वतःभोवती दोनदा फिरली, आणि खळग्यात अंग टाकलं.

ती ओरडली नाही. थोड्या वेळाने उठली, बाहेर आली आणि बर्फात बसली. तिच्या कुशीत नारबाचे काटे घुसले होते.

मथुरा जवळ गेली आणि दातांनी काटे ओढून काढू लागली. अस्वलीण कुशीवरचं रक्त बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कोणाचं असावं.

“चुकले वाटतं मी,” ती म्हणाली. “माफ करा, बाई. वास माझाच आला.”

“तुमचं नाव?”

“गिरजा.”

“काय हवं होतं तुम्हाला इथे, गिरजाबाई?”

“जागेपणी त्याचं नाव काढत नाही आम्ही,” गिरजा म्हणाली आणि तिने पोटावर पंजा ठेवला.

मथुरेच्या तोंडात तेव्हा नारबाचा एक काटा होता. तो तिने खाली ठेवला. त्याच्या मुळाशी एक काळा राठ केस गुंडाळला गेला होता. तो कोणाचा हे आता तिला कोणी सांगायला नको होतं.

तिने खाली पाहिलं तर डोंगरभर हेच चाललं होतं. प्रत्येक गुहेच्या दाराशी एक पेंगुळलेलं अस्वल उभं होतं, आतून किंकाळ्या येत होत्या आणि लाकडी झडपा लागत होत्या. संध्याकाळपर्यंत सगळी अस्वलं पायथ्याच्या मोकळ्या जागेत येऊन बसली. कोणी काही बोलत नव्हतं. बोलायचं म्हटलं तर ज्याचं नाव काढायचं नाही त्याचंच नाव काढावं लागलं असतं. त्यांच्या पापण्यांवर बर्फ साचत होता.

सपाटीवरचे घाबरले. फक्त चिमाजी शांत होता.

“तुमची तक्रार काय होती?” त्याने सर्जेरावांना विचारलं. “घसरायला मजा येते, पण चढताना धाप लागते. हो ना? मग हे बघा. रिकामी बसलीत. जागी आहेत. आणि ताकद तर बघा.”

दुसऱ्या दिवसापासून अस्वलांच्या गळ्यात दोर आले. सपाटीवरचे फळ्यांवर बसत, अस्वलं त्यांना ओढत वर नेत, आणि ते घसरत खाली येत. अस्वलांना संध्याकाळी उरलंसुरलं मिळे. बर्फ पाहता पाहता घाण झाला. चढाच्या कडेने साली, हाडं, ओकाऱ्या पडल्या. रानडुकरांना आडोसा शोधायचा कंटाळा येई, म्हणून दारांसमोरचा बर्फ पिवळा पडला. रोज नवा बर्फ पडून ते सगळं झाकलं जाई, आणि सकाळी उठून सगळे म्हणत, “काय स्वच्छ आहे इथे!”

मथुरा आपल्या गुहेतून हे बघत होती. बर्फातून दोर ओढणाऱ्यांत तिला गिरजा ओळखू येई. तिच्या कुशीवर लाल ठिपक्यांची ओळ होती. वर पोचली की ती उभ्या उभ्या डोळे मिटी, आणि मागचा ‘चल’ म्हणाला की उघडी.

एके दिवशी दुपारी सर्जेरावांनी मथुरेला जेवायला बोलावलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. गुहेत वाफ कोंदली होती. मैनावती आणि तिच्या दोन बहिणी खळग्यातल्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून खात होत्या. पाण्यावर चरबीचा तवंग होता आणि तवंगात काळे राठ केस तरंगत होते. मैनावती ते चिमटीने उचलून काठावर ठेवी आणि पुन्हा त्याच हाताने घास घेई.

“कितीही झाडा, निघतच आहेत,” ती म्हणाली. “आधी इथे कोण राहत होतं कोण जाणे.”

“कोणी नाही,” सर्जेराव म्हणाले. “चिमाजीने विचारून घेतलंय.”

तेवढ्यात एक अस्वल गरम पाण्याची घागर घेऊन आत आलं. ते दारातच थबकलं. खळग्याकडे बघत राहिलं. त्याच्या पापण्या खाली खाली आल्या, गुडघे वाकले आणि घागर मैनावतीच्या पाठीवर उपडी झाली.

“मेल्या, डोळे उघड की!” मैनावती किंचाळली. “दिवसाढवळ्या झोपतोस?”

“जाऊ दे गं,” सर्जेराव मोठ्या मनाने म्हणाले. “बिचारी राबतात. काय ती जात, वहिनी! एवढ्या थंडीत आपण असे गारठून बसतो, पण ही बघा, क्षणभर बसत नाहीत. आपल्याकडच्यांनी शिकायला हवं.”

“ही बसत नाहीत, कारण…” मथुरेने सुरुवात केली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. खाता खाताच बघत होते. त्यांचे जबडे चालू होते.

“वहिनी, तुमचं मन हळवं झालंय, नारबा गेल्यापासून,” सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी आपल्या हाताने तिच्या तोंडात एक घास भरवला. “खा. खाल्लं की बरं वाटतं.”

तो घास तिला गिळता येईना आणि टाकताही येईना. जिभेला कसला तरी केस लागत होता. तिने वाफेतून सगळ्यांकडे पाहिलं: ओले, गुलाबी, तुपकट चेहरे, आणि त्यांच्या मधोमध कोणाच्या तरी आईच्या अंगाने झालेला तो गोल. मग तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही इथे बोलावतात. ज्यांच्याकडे खळगा आहे त्यांनाच बोलावतात. तिने घास बाहेर येऊन बर्फावर थुंकला, पण तो वास दिवसभर तोंडातून गेला नाही.

ती आपल्या गुहेत गेली आणि खळग्यापाशी बसली. नारबाचे काटे होते तसे उभे होते. गिरजेच्या अंगातून काढलेले तिने धुऊन पुन्हा रोवले होते. उपटले तर माणूस दुसऱ्यांदा जातो. हे तिला आईने सांगितलं होतं, आणि नारबा पहिल्यांदा जाताना तिने पाहिलं होतं. त्याला फार वेळ लागला होता.

घरी असताना नारबा सगळी जागा अडवून झोपायचा. मथुरा रोज त्याला कोपराने ढोसायची आणि तो झोपेतच पुटपुटत बाजूला व्हायचा.

“सरका जरा,” मथुरा म्हणाली, आणि पहिला काटा उपटला.

सगळे उपटून होईपर्यंत ती थांबली नाही. मग माती सारखी केली, खाली उतरली, दिवसाचं ओढकाम संपवून दोरापाशीच उभ्या असलेल्या गिरजेच्या गळ्यातून फास काढला, आणि तिला पुढे घालून वर आणलं. दारात गिरजा एकदा थबकली, हुंगली. मग आत जाऊन स्वतःभोवती दोनदा फिरली.

ती इतक्या पटकन झोपली की मथुरेला भीती वाटली. नंतर घोरणं ऐकू आलं.

मथुरेने ते काटे गुहेच्या तोंडाशी कातळाच्या भेगांत आडवे, एका ओळीत रोवले, टोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे कोणी आत येऊ नये. ती स्वतः शिळेच्या आडोशाला बाहेर राहिली. बाकीचे घसरून, खाऊन, कंटाळून सपाटीवर परत गेले, तरी ती थांबली. थंडीच्या अगदी मध्यावर एका सकाळी घोरण्याच्या मध्येच तिला दुसरा आवाज आला: बारीक, ओला, चोखल्यासारखा. घोरणं थांबलं नाही. मथुरा ओळीपलीकडे उभी राहून ऐकत राहिली. मग काट्यांच्या त्या ओळीला म्हणाली, “ऐकलंत?” आणि घरी निघाली.

त्या वर्षी सपाटीवर तिला झोप लागली. गुहा गिरजेला देऊन टाकली आहे, असं तिने चिमाजीला निरोप धाडून कळवलं. चिमाजीचा निरोप आला, की वा, फार छान केलंत.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडल्यावर ती पुन्हा डोंगरावर गेली. आत जायचं नव्हतं. ओळीपाशी उभं राहून ऐकायचं आणि परत यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. वाटेत फळीवर बसलेले सर्जेराव भेटले. एक अस्वल त्यांना ओढत होतं.

“वहिनी, बाजी मारलीत तुम्ही!” ते लांबूनच ओरडले. “सगळ्या डोंगरात तुमच्या गुहेचं नाव झालंय. मैना तर तिसऱ्यांदा गेलीय आज!”

शिळेपाशी रांग होती. ससे, तरस, रानडुकरं, खूप लांबून आलेले बगळे, सगळे माना खाली घालून, श्वास धरून उभे होते. रांग वाकडी होऊ नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना काटे रोवले होते. एकसारख्या अंतरावर, टोकं वर. मथुरेने प्रत्येक काटा ओळखला.

“शू!” चिमाजी तिला बघून हळूच म्हणाला. “ती झोपलीय.”

गुहेतून मैनावती बाहेर आली. तिचे डोळे भरून आले होते. “काय ती शांती हो, मथुराताई!” ती कुजबुजली. “आपल्या नशिबी कुठली अशी झोप! आणि पिल्लू तर… अगदी बघत राहावंसं वाटतं.”

मथुरेने चिमाजीला बाजूला घेतलं. “मी ही गुहा तिला दिली होती.”

“दिलीत, म्हणूनच तर!” चिमाजी म्हणाला. “तिची झाली. पण बाकीची सगळी अस्वलं दोर ओढणार आणि ही एकटी गुहेत लोळणार, हे बरं दिसतं का? मी तिला म्हटलं, बाई, तू ओढू नकोस दिवसा. पडून राहा. लोक येतील, बघतील, जातील. कोणाला कधी इतकं सोपं काम मिळालंय?”

“मग झोपू दे ना तिला.”

“तेच तर जमत नाही.” चिमाजी खरोखरच काकुळतीने बोलत होता. “खरी झोपली की पाठ करते. घोरते. लाळ गळते. पिल्लाला पोटाखाली ओढून घेते, ते दिसतच नाही. लोक एवढ्या लांबून येतात, मथुराबाई. म्हणून जरा नीट झोपायला शिकवलंय.”

पुढे काही बोलणं होईना, कारण मागचे शू शू करू लागले होते. आत जायला त्या दोन ओळींच्या मधूनच वाट होती. मथुरा नवऱ्याच्या काट्यांच्या मधून, सगळ्यांच्या मागून, एकेक पाऊल आत सरकली.

खळग्याभोवती पणत्या लावल्या होत्या. गिरजा कुशीवर, तोंड दाराकडे करून पडली होती, एक पंजा गालाखाली. पापण्या मिटलेल्या होत्या आणि सारख्या थरथरत होत्या. तिच्यापुढे, सगळ्यांना दिसेल असं, पिल्लू ठेवलेलं होतं. पिल्लू जरा हललं की गिरजेचा दुसरा पंजा हळूच त्याच्यावर दाबला जाई. कोणाच्या ते लक्षात येत नव्हतं. एक ससा डोळे पुसत होता.

संध्याकाळ झाली, रांग संपली आणि चिमाजीने टाळी वाजवली. गिरजा लगेच उठली. पाठ सरळ केली, पणत्या फुंकल्या आणि भिंतीशी टांगलेला दोर काढला. दिवसा पडून राहायचं काम होतं. संध्याकाळचं सामान वर आणायचं राहिलंच होतं.

“गिरजाबाई,” मथुरा पुढे होऊन म्हणाली, “इथे… झोप लागते का तुम्हाला?”

गिरजेने तिला ओळखलं. तिचे डोळे काठाशी लाल झाले होते.

“जागेपणी त्याचं नाव काढत नाही आम्ही, बाई,” ती म्हणाली, आणि मान खाली घालून फास अडकवून घेतला, आणि गेली.

पिल्लू खळग्यात एकटं राहिलं. ते तसंच पडून होतं, कुशीवर, तोंड दाराकडे, एक पंजा गालाखाली. मथुरा वाकली. पिल्लाने एक डोळा किलकिला केला, अजून कोणीतरी बघतंय हे पाहिलं, आणि घाईघाईने मिटून घेतला.